नाकातला भोवरा

आमच्या घराण्यात नाक ही बाहेरून बघायची वस्तू आहे. मुलगी बघायला गेलं की नाक बघतात, बाळ बघायला गेलं की नाक बघतात आणि ते आपल्या बाजूवर गेलेलं नसेल तर स्वतःचं मुरडतात. आत डोकावण्याची पद्धत नाही. मला मात्र वयाच्या बासष्टाव्या वर्षी स्वतःचं नाक आतून बघण्याचा योग आला, आणि तोही टीव्हीवर.

तक्रार जुनीच होती. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की एक नाकपुडी दुकान बंद करते. कूस बदलली की ती उघडते आणि दुसरी शटर ओढते. मधल्या वेळात मी तोंडाने श्वास घेतो. त्याला मी श्वास म्हणतो, बायको घोरणं म्हणते. आपल्याकडे सर्दी पंधरा दिवसांच्या वर रेंगाळली की शेजारीपाजारीच निदान करून टाकतात: ‘नाकाचं हाड वाढलं असेल.’ उंची थांबते, पगार थांबतो, पेन्शन तर मुळातच बेताचं. पण नाकाचं हाड वाढतं. माझं हाड असं कॉलनीच्या मते गेली बारा वर्षं वाढत होतं. हिशेबाने ते एव्हाना ओठावर यायला हवं होतं.

शेवटी मुलीने कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर माझ्या मुलीपेक्षाही लहान. त्यांनी एक बारीक नळी नाकात सरकवली आणि समोरच्या पडद्यावर गुलाबी, ओलसर, चकाकणारी एक गुहा दिसायला लागली. गुहेच्या भिंतीला गोगलगाय चिकटावी तसं काहीतरी फुगलेलं बसलं होतं.

‘हे बघा काका,’ डॉक्टर म्हणाले, ‘हे तुमचं टर्बिनेट.’

मी ऐकलं टर्बाइन.

‘माझ्या नाकात टर्बाइन?’

नाकात नळी असल्यामुळे हे वाक्य ‘बाझ्या डाकात’ असं बाहेर पडलं आणि त्यातला धसका डॉक्टरांपर्यंत पोचला नाही. ते शांतपणे म्हणाले, ‘टर्बाइन नाही काका, टर्बिनेट. आणि हाड वगैरे काही वाढलेलं नाही. हाडावरचं आवरण सुजलंय. हाड आत आहे तेवढंच आहे.’

म्हणजे बारा वर्षांची आमची वाढ एका वाक्यात रद्द झाली.

घरी येऊन रिपोर्ट उघडला. त्यावर लिहिलं होतं, ‘बायलॅटरल इन्फिरिअर टर्बिनेट हायपरट्रॉफी’. बायकोने चष्मा लावून तो दोनदा वाचला.

‘अहो, इन्फिरिअर म्हणजे हलक्या प्रतीचं ना?’

‘खालचं. त्याचा अर्थ इथे नुसता खालचं असा आहे.’

‘तेच ते. आणि दोन्हीकडे.’ तिच्या चेहऱ्यावर, सासरच्या नाकाबद्दलचं स्वतःचं मत डॉक्टरच्या सहीशिक्क्यानिशी परत मिळाल्याचं समाधान होतं.

हा अन्याय माझ्या मनाला लागला म्हणून मी थोडी माहिती काढली. नाकाच्या प्रत्येक बाजूला असे तीन पडदे असतात, वरून खाली लागलेले: सुपीरिअर, मिडल आणि इन्फिरिअर. म्हणजे उच्च, मध्यम आणि कनिष्ठ. वरचे दोघे एथमॉइड नावाच्या हाडाच्या घरात राहतात. एथमॉइड म्हणजे ग्रीकमध्ये चाळणीसारखं. हे वडिलोपार्जित घर गळकं आहे हे नावातच कबूल केलंय. धाकटा मात्र वेगळा निघालेला. त्याचं स्वतःचं स्वतंत्र हाड आहे, तिघांत आकाराने तोच मोठा आणि घरातला सगळा राबता त्याच्याच अंगावर. थोरला वरच्या मजल्यावर, वास ओळखणाऱ्या भागाच्या शेजारी, एवढासा होऊन बसलेला. आपल्याकडच्या कुठल्याही एकत्र कुटुंबात जाऊन बघा. थोरल्याला स्वयंपाकघरातून कसला वास येतोय एवढंच कळतं. दार उघडणं, पाहुण्यांना पाणी देणं, त्यांचे धुळीचे पाय धुवायला लावणं हे धाकट्याकडे.

कारण काम तेच आहे. माणूस दिवसाला साधारण दहा हजार लिटर हवा आत घेतो. ती जशीच्या तशी फुप्फुसात सोडली तर महाबळेश्वरच्या डिसेंबरात माणूस सकाळी फिरायला जाऊ शकणार नाही. हे पडदे रक्ताने भरलेले, ओले आणि ऊबदार असतात. हवा त्यांना घासत, वळसे घेत आत जाते आणि घशापर्यंत पोचेतो बऱ्यापैकी गरम आणि दमट झालेली असते. धूळ चिकट आवरणाला चिकटून राहते. उंट हे तंत्र उलटंही वापरतो. त्याच्या नाकातले हे पडदे इतके गुंडाळलेले असतात की रात्रीच्या गारव्यात बाहेर जाणाऱ्या श्वासातली वाफ तिथेच अडवून तो पाणी परत घेतो. नळ दोन दिवसांआड येणाऱ्या गावातल्या माणसाला हे पटकन कळेल.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग चिपळूणहून दाजी आले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सगळी नोकरी कोयना प्रकल्पाच्या पोफळीच्या वीजगृहात. डोंगराच्या पोटात, बोगद्यातून आत जाऊन, टर्बाइनच्या घोंघावण्यात तीस-बत्तीस वर्षं काढल्यामुळे त्यांना ऐकायला कमी येतं. आणि जे येतं त्यात टर्बाइन हा शब्द आधी येतो.

‘काय निघालं रे नाकात?’

‘टर्बिनेट सुजलंय दाजी.’

‘टर्बाइन?’ दाजी ताठ बसले. ‘पेल्टन का फ्रान्सिस?’

मी त्यांना अक्षर-अक्षर फोडून सांगितलं. त्यांनी रिपोर्ट हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, ‘स्पेलिंग तेच आहे की. शेपूट तेवढं वेगळं. काहीतरी नातं असणार. तू मास्तर ना? मग काढ हुडकून.’

चौतीस वर्षं शाळेत शिकवलेल्या माणसाला असं म्हणू नये. मी कपाटावरचा जाडजूड इंग्रजी शब्दकोश काढला. त्यावरची धूळ आधी माझ्या दोन्ही कनिष्ठ पडद्यांनी अडवली, अकरा शिंका आल्या, आणि मग बाराव्या शिंकेच्या अलीकडे तो शब्द सापडला.

मूळ लॅटिन. ‘टर्बो’. अर्थ: भोवरा.

मी क्षणभर तसाच बसलो. नाकाच्या आत, कॅमेऱ्याच्या उजेडात, एवढा गंभीर रिपोर्ट, एवढं लांबलचक नाव, आणि निघाला काय तर भोवरा! सावंतवाडीच्या बाजारातून मामाने आणलेला, लाखेच्या लाल-पिवळ्या कड्यांचा, खाली लोखंडी आर ठोकलेला. दोरी गुंडाळायची, हात मागे न्यायचा, झटक्यात सोडायचा. बरा सुटला की गुंगायचा, वाईट सुटला की मास्तरांच्या सायकलच्या तारांत जायचा. ज्याचा भोवरा आधी पडेल त्याने तो रिंगणात ठेवायचा आणि इतरांनी आपापल्या आरीने त्याचे टवके उडवायचे. माझ्या भोवऱ्याचे इतके टवके उडाले होते की शेवटी त्याचा आकार डॉक्टरांच्या पडद्यावर दिसला तसाच झाला होता.

रोमन पोरंही हाच खेळ खेळायची. फरक एवढाच की ती भोवऱ्याला चाबकाने फटकारत फिरता ठेवायची. व्हर्जिलने ‘एनीड’ या महाकाव्यात एका संतापलेल्या राणीची गावभर चाललेली धावाधाव सांगताना तिला पोरांनी फटकारलेल्या भोवऱ्याची उपमा दिली आहे. राणीचं नाव अमाता. जावई कोण करायचा यावरून तिचं डोकं फिरलेलं असतं. हा प्रसंग वाचायला लॅटिन यावं लागत नाही, लग्नघर पाहिलेलं असलं की पुरे.

तर रोमन लोकांनी या भोवऱ्यावरून जे जे फिरतं, गिरक्या घेतं, वर रुंद आणि खाली निमुळतं असतं, त्याला भोवऱ्याची नावं द्यायला सुरुवात केली. वावटळ म्हणजे टर्बो. गडबड-गोंधळ, गर्दी म्हणजे टर्बा, तीही याच गोतातली. त्यांच्या मागून आलेल्या इंग्रजांनी तर दुकानच उघडलं. पाण्यात गाळ ढवळला गेला की ‘टर्बिड’. माणूस ढवळला गेला की ‘डिस्टर्ब’. जरा जास्त ढवळला गेला की ‘पर्टर्ब’. विमान ढवळलं गेलं की ‘टर्ब्युलन्स’. ‘ट्रबल’सुद्धा त्याच घरातला, फक्त फ्रान्समधून आल्यामुळे ओळखू येत नाही. गृहसंस्थेच्या सभेची नोटीस निघाल्यापासून ती सभा होईपर्यंत माणसाला जे जे होतं ते सगळं एका भोवऱ्यात मावतं.

पण मला खरं आश्चर्य वाटलं ते पुढे. मी तोच शब्दकोश बाजूला ठेवून मराठीचा विचार करायला लागलो. आपल्याकडे काय वेगळं आहे? खेळायचा तो भोवरा. नदीत माणूस ओढला जातो तोही भोवरा. डोक्यावर केस जिथून गोल फिरतात तो भोवरा, आणि तिथे दोन असले की पोराची दोन लग्नं होणार असं आजी सांगते. घोड्याच्या अंगावरचे भोवरे बघून घोडा घ्यायचा की नाही ते ठरायचं. बाजारात बैल घेतानाही भोवरे मोजणारे शेतकरी आहेत. गाडी घेताना त्यांची मुलं तितकीही चौकशी करत नाहीत. पायाच्या तळव्याला घट्टा पडून आत शिरतो ती भोवरी. उन्हात उभं राहून डोकं गरगरतं ती भोवळ. आजूबाजूला असतं ते भोवती. केलेलं पाप फिरून अंगावर येतं तेव्हा ते भोवतं. संस्कृतातल्या ‘भ्रम्’ या एका धातूने हा सगळा संसार मांडलाय. भ्रमर त्यातला, भ्रम त्यातला, भ्रमंती त्यातली आणि संभ्रमही त्यातलाच. रोमन माणूस आणि मराठी माणूस यांची कधी बैठक झालेली नाही. पण दोघांनी अंगणात बसून पोरांचा एकच खेळ बघितला आणि दोघांनाही संकटाला नाव द्यायला तोच शब्द सुचला.

म्हणजे पायाच्या भोवरीपासून टाळूवरच्या भोवऱ्यापर्यंत मराठी माणसाच्या अंगावर सगळीकडे भोवरेच भोवरे. मधल्यामध्ये नाक तेवढं सुटलं होतं. ती उणीव लॅटिनने भरून काढली.

दाजींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला. ‘आधी कोण? तुझं नाक का माझं टर्बाइन?’

हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. ‘टर्बिनेट’ म्हणजे भोवऱ्याच्या आकाराचं, हे विशेषण इंग्रजीत सतराव्या शतकापासून आहे. ते शंखशिंपल्यांना लावत, फळांना लावत. खाली निमुळतं आणि वर फुगीर असलेलं अंजीर हे वनस्पतिशास्त्राच्या भाषेत टर्बिनेट ठरतं. टर्बाइन मात्र तरुण. १८२२ साली क्लोद बुर्दँ नावाच्या फ्रेंच अभियंत्याने पाण्याच्या जोराने फिरणाऱ्या यंत्राला हा शब्द दिला. नाव गुरूने ठेवलं, पण चालणारं यंत्र केलं ते त्याच्या विद्यार्थ्याने, बेन्वा फुर्नेरों याने, १८२७ मध्ये. मास्तरांनी नामकरण करावं आणि घाम विद्यार्थ्याने गाळावा ही परंपरा एवढी जुनी आहे हे वाचून मला जरा बरं वाटलं. फुर्नेरोंने पुढे दहा वर्षांत जर्मनीत बसवलेल्या एका टर्बाइनचं चाक फूटभर व्यासाचं होतं, आणि ते मिनिटाला २,३०० फेरे घेऊन ६० अश्वशक्ती देत होतं. फूटभर चाकात साठ घोडे. मामाने आणलेला भोवरा याच जातीचा. त्याला फक्त कोयना मिळाली नाही.

‘म्हणजे विशेषण आधी, यंत्र मागून,’ मी दाजींना म्हणालो. ‘शब्दाच्या वयाने बघितलं तर टर्बाइन हे टर्बिनेटचं पुतणं.’

दाजी काही बोलले नाहीत. त्यांनी चहा पूर्ण पिऊन संपवला, कप पालथा घालावा तसा बशीत ठेवला आणि म्हणाले, ‘तुला पेल्टनच्या गाईची गोष्ट माहीत आहे का?’

आता ही गोष्ट मी दाजींनी सांगितली तशी सांगतो. लेस्टर पेल्टन हा अमेरिकेतल्या ओहायोचा. १८५० मध्ये कॅलिफोर्नियात सोनं शोधायला गेला. सोनं इतरांना सापडलं. याला सुतारकाम आणि गिरणीकाम सापडलं. त्या खाणींना यंत्रं चालवायला ताकद लागायची आणि डोंगरावरून पाणी जोरात येत होतं. लोक चाकाला वाट्या लावून त्यावर पाण्याचा झोत सोडायचे. पण झोत वाटीच्या मधोमध आपटून तिथेच उलटा उडायचा आणि मागून येणाऱ्या पाण्याला आडवा यायचा. निम्मी ताकद पाणी पाण्याशी भांडण्यातच खर्च करत होतं.

‘आपल्या मंडळासारखं,’ दाजी म्हणाले. ‘गणपती मंडळ. वीजमंडळ नव्हे.’

तर दंतकथा अशी, की एके दिवशी एक गाय भलतीकडे शिरली. पेल्टनने तिला हुसकायला पाण्याचा नळ तिच्यावर धरला. झोत नेमका नाकावर बसला. दोन नाकपुड्यांच्या मधल्या कण्यावर तो दुभंगला, अर्धा या नाकपुडीत, अर्धा त्या नाकपुडीत, आणि दोन्हीकडून गोल वळसा घेऊन बाहेर उडाला. गाईची मान मागे फेकली गेली. पेल्टन गाय विसरला.

त्याने वाटीच्या मधोमध एक धार काढली. एका वाटीच्या जागी जोडवाटी आली, दोन नाकपुड्यांसारखी. झोत मधल्या धारेवर कापला जातो, दोन्ही वाट्यांतून वळतो, जवळजवळ उलट दिशेने बाहेर पडतो आणि बाहेर पडताना त्याच्यात जीव उरलेला नसतो. सगळा चाकाला देऊन झालेला असतो. १८८० मध्ये त्याला पेटंट मिळालं. गाईला मिळालं नाही. पुस्तकातले लोक दुसरी हकिगत सांगतात: चालू चाकाची खुंटी सरकली, चाक जरा बाजूला गेलं, झोत वाटीच्या कडेवर बसला आणि चाक उलट आणखी जोरात फिरायला लागलं, ते पाहून त्याला कल्पना सुचली. ती खरी असेलही. पण दाजींचा कल गाईकडे आहे आणि मी त्यांच्या बाजूने आहे. सफरचंदावर न्यूटनचा संसार चालतो, तर गाईने काय घोडं मारलंय?

‘टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीला वीज काढली ती पेल्टनवर,’ दाजी बोटं मोजायला लागले. ‘आमच्या पोफळीला पहिल्या दोन टप्प्यांची यंत्रं पेल्टनच. शिवसागराचं पाणी डोंगर फोडून चारशे मीटरच्या वरून खाली येतं आणि जोडवाटीवर बसतं. तीस वर्षं मी काय सांभाळलं? गाईची नाकं सांभाळली. आणि तू मला सांगतोस, नाकात टर्बाइन नसतं!’

या युक्तिवादावर उत्तर नव्हतं. बायकोने आतून दाजींना आणखी अर्धा कप चहा आणून दिला. मला नाही.

टर्बाइनच्या घराण्यात एक वांड पोरगंही आहे, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. चार्ल्स पार्सन्स या इंग्रज अभियंत्याने १८८४ मध्ये वाफेवर चालणारं टर्बाइन केलं. ते जहाजात बसवा म्हणून तो आरमाराच्या मागे लागला. आरमार कागद हलवत बसलं. मग त्याने स्वतःच एक शंभर फुटी बोट बांधली आणि तिचं नाव ठेवलं ‘टर्बिनिया’. २६ जून १८९७ ला व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवानिमित्त स्पिटहेडला आरमाराची पाहणी होती. युद्धनौका रांगा लावून उभ्या, पाहुणे दुर्बिणी लावून बसलेले, आणि मधूनच हे कार्टं बोलावणं नसताना घुसलं. पकडायला गस्तीच्या होड्या सुटल्या. टर्बिनियाचा वेग होता सुमारे ३४ नॉट. तिला धरू शकेल असं तिथे काहीच नव्हतं. सगळ्या जगासमोर, साहेबाच्याच आरमाराच्या नाकावर टिच्चून ती वर-खाली फिरून आली. थोड्याच वर्षांत आरमाराने मुकाट टर्बाइनं घेतली.

त्याच महोत्सवाने चार दिवस आधी, २२ जूनच्या रात्री, पुण्यात गणेशखिंडीत वेगळंच वळण घेतलं होतं. चापेकर बंधू तिथे इंग्रज प्लेग अधिकारी रँडची वाट बघत थांबले होते. राणीच्या साठ वर्षांच्या त्या एका आठवड्यात कुठे कुठे काय काय घुसलं याची जंत्री करायला हवी. पण ते इतिहासाच्या मास्तरांचं काम. मी भाषेचा.

आणि भाषेचा म्हणून मला एक गोष्ट सलत होती. डॉक्टरांच्या रिपोर्टात टर्बिनेट होतं, पण मुलीने फोनवर काढलेल्या चित्रात त्याच हाडाखाली ‘कॉंका’ लिहिलं होतं. एकाच नाकात एकाच हाडाला दोन नावं. मी पुन्हा शब्दकोश काढला. या वेळी आधी रुमाल बांधला.

कॉंका म्हणजे लॅटिनमध्ये शिंपला, शंख. शब्द ग्रीकांकडून आलेला. आणि आपला ‘शंख’ आणि त्यांचा हा शब्द एकाच कुळातले असल्याचं भाषेचे अभ्यासक सांगतात. म्हणजे युरोपियन शरीरशास्त्रज्ञांनी नाकात डोकावून बघितलं आणि एकाला भोवरा दिसला, दुसऱ्याला शंख दिसला. दोघांचंही बरोबर, कारण शंख म्हणजे दुसरं काय, समुद्राने फिरवून तसाच गोठवलेला भोवराच.

आणि आता ऐका. आपल्या देवघरात असतो तो शंख, पूजेच्या वेळी धुवायचा, आरतीच्या वेळी फुंकायचा, मन्नारच्या आखाताकडून येणारा, त्याचं प्राणिशास्त्रातलं नाव आहे ‘टर्बिनेला पायरम’. टर्बिनेला म्हणजे छोटासा भोवरा, भोवरुलीच म्हणा. सोवळ्यात बसलेल्या शंखाच्या जन्मपत्रिकेत हे नाव लिहिलंय, आणि आमची आई त्याला हात लावायच्या आधी तीन वेळा हात धुवायची. दक्षिणावर्ती शंख दुर्मीळ म्हणून लोक त्याच्यासाठी वाटेल ते मोजतात. तिथेही गंमत आहे. आपण ज्याला उजवा म्हणतो त्याला प्राणिशास्त्रज्ञ डावा म्हणतात, कारण आपण शंख एका टोकाने धरून बघतो आणि ते दुसऱ्या. एवढ्यावरून भांडायला दोन्ही बाजूंना वेळ मिळालेला दिसत नाही. मिळाला असता तर परिसंवाद झाला असता.

हे सगळं मी उत्साहाने बायकोला सांगितलं. ‘म्हणजे बघ, माझ्या नाकात दोन्ही बाजूंना शंख आहेत.’

‘नाकातच का?’ ती म्हणाली.

आपल्या भाषेत शंख या शब्दाला बिनडोक माणूस असाही अर्थ आहे हे मला माहीत होतं. तिला इतक्या वेळेवर आठवेल याचा अंदाज नव्हता.

या सगळ्या गोतावळ्यात एक तोतयाही भेटला, ‘टर्बन’. ऐकायला सख्खा भाऊ. त्यातून टर्बो याच नावाच्या एका जातीच्या समुद्री गोगलगाईच्या कवचाला इंग्रज ‘टर्बन शेल’ म्हणतात. म्हणजे नावात टर्बो, आडनावात टर्बन, कुणीही फसावं. पण टर्बनचा भोवऱ्याशी काडीचा संबंध नाही. तो फारसीतल्या ‘दुलबंद’वरून तुर्कस्तानमार्गे गेलेला पाहुणा, ट्यूलिप हे फूल त्याचं खरं भावंड. डोक्याला गुंडाळलेलं वस्त्र गिरक्या घेतल्यासारखं दिसतं एवढ्यावर तो या घरात जेवायला बसतो. पुणेरी पगडीकडे बघून मला एरवीही ते फिरतं फिरतं थबकलंय असंच वाटत आलंय. पण पगडीबद्दल मी याहून जास्त लिहिणार नाही. मला पुण्यात नातेवाईक आहेत.

मात्र सगळ्यांत जास्त कमावलं ते ‘टर्बो’ने. तेल लागत नाही, पाणी लागत नाही, नुसतं नाव चिकटवलं की वस्तू पळायला लागते. ट्रकच्या अंगावर टर्बो, पंख्यावर टर्बो, वॉशिंग मशीनच्या बटणावर टर्बो. आमच्या मिक्सरलाही एक टर्बो बटण आहे. ते दाबलं की चटणी भिंतीवर जाते. मुळात इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर छोटंसं टर्बाइन फिरवायचं आणि त्याने आत जास्त हवा कोंबायची, असा हा टर्बोचा प्रकार. आल्फ्रेड बुखी या स्विस माणसाने १९०५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. म्हणजे उच्छ्वासाच्या जोरावर श्वास घ्यायचा. मला इंजिनांचा हेवा वाटतो. माझे दोन्ही बंद.

पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे गेलो तेव्हा मी तयारीने गेलो होतो. व्हर्जिल, बुर्दँ, गाय, टर्बिनिया, शंख. डॉक्टरांनी पुन्हा नळी घातली आणि मी ‘बाहीत आहे का डॉक्टर’ असं सुरू केलं. त्यांनी ऐकून घेतलं असावं, कारण गाईपर्यंत पोचलो तेव्हा ते हसल्यासारखे वाटले. बाहेर चाळीस पेशंट बसलेले. शेवटी त्यांनी माझ्या माहितीत एकच भर घातली आणि ती माझ्या सगळ्या शोधांवर भारी पडली.

‘काका, एक नाकपुडी बंद आणि एक चालू, हे सगळ्यांचं असतं. निरोगी माणसाचंही. दोन्ही बाजूचे टर्बिनेट पाळीपाळीने फुगतात आणि ओसरतात. काही तासांनी पाळी बदलते. तुमचे जास्त फुगतात म्हणून तुम्हाला कळतं, इतरांना कळत नाही.’

रिचर्ड कायझर या जर्मन डॉक्टरने १८९५ मध्ये हे लिहून ठेवलंय. आपल्याकडे नाकपुड्यांवरून शकुन सांगणाऱ्या स्वरोदयवाल्यांनी त्याच्या पुष्कळ आधी डावीला चंद्र, उजवीला सूर्य अशी नावं देऊन, कुठली चालू असताना प्रवासाला निघावं आणि कुठली असताना सासुरवाडीला जाऊ नये इथपर्यंत वेळापत्रक बसवलं होतं. शिवाय कुशीवर झोपलं की खालची नाकपुडी चोंदते आणि वरची मोकळी होते, हेही खरंच आहे. म्हणजे जेवणानंतरची वामकुक्षी ही डाव्या कुशीवर, सूर्याला वर ठेवून झालेली अगदी काटेकोर क्रिया. इतकी वर्षं मी ती करत होतो आणि घरात तिला आळस म्हणत होते.

डॉक्टरांनी फवारा लिहून दिला. दोन्ही नाकपुड्यांत, दिवसातून एकदा, दोन नाकपुड्यांमधल्या भिंतीवर न मारता बाहेरच्या भिंतीकडे रोखून. शस्त्रक्रिया नको म्हणाले. कनिष्ठ असला तरी त्याला काढून टाकून चालत नाही. फार कापला तर नाक मोकळं होऊनही माणसाला गुदमरल्यासारखं वाटत राहतं. एकत्र कुटुंबाचं मी म्हणालो होतोच.

परवा नातू आला. त्याच्या हातात प्लास्टिकचं लाँचर, त्याला दातेरी पट्टी, आणि त्यावर चढवलेला निळा-चंदेरी बेब्लेड. पट्टी खस्सकन ओढली की तो जमिनीवर सुटतो आणि दुसऱ्याच्या बेब्लेडला धडकून त्याचे तुकडे उडवतो.

‘आजोबा, हा टर्बो आहे,’ तो म्हणाला.

‘भोवराच आहे तो.’

‘भोवरा नाही. बेब्लेड.’

मी त्याला सांगणार होतो की या बेब्लेडचा पूर्वज म्हणजे जपानी पोरांचा बेगोमा. आणि बेगोमा मुळात कसला, तर समुद्रातल्या शंखासारख्या गोगलगाईच्या रिकाम्या कवचात वाळू भरायची, तोंड मेणाने बंद करायचं आणि दोरी गुंडाळून फिरवायचं. म्हणजे शंख आणि भोवरा एकच, हे तिकडच्या पोरांना लॅटिनशिवाय कळलं होतं. पण त्याने तोपर्यंत पट्टी ओढली होती. बेब्लेड फरशीवर गुंगत माझ्या पायाच्या भोवरीपर्यंत आला, तिथून कपाटाखाली गेला आणि बराच वेळ आत घोंघावत राहिला.

मी गुडघे टेकून, गाल फरशीला लावून कपाटाखाली बघितलं. धूळ होती. डावी नाकपुडी बंद झाली, उजवी उघडली.

‘दिसला का आजोबा?’

‘थांब जरा,’ मी म्हणालो, ‘अजूद फिरतोय.’